तुमच्या खोलीबद्दल

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुमचा आवाज चढला. "आपल्याच जागेत, आपल्याच पैशानं खोली बांधायची, तर गावाची परवानगी कशाला?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

आपल्या घरामागे झाडांपलीकडे पाणथळ आहे. इथे मॅसॅच्युसेट्समध्ये पाणथळीच्या कडेपासून १०० फुटांच्या आत बांधकाम करायचं, तर आधी गावाच्या संवर्धन समितीकडे अर्ज करावा लागतो. समितीत गावातलीच माणसं असतात, बिनपगारी. अर्ज पोचला की २१ दिवसांत जाहीर सुनावणी होते. लगतच्या शेजाऱ्यांना आपणच पत्रानं कळवायचं, आणि त्यांनाही तिथे बोलता येतं.

मलाही आधी ही कटकटच वाटली. मग कड आखायला एक तज्ज्ञ बाई आल्या. हातात गिरमिटासारखं लांब हत्यार. जिथे मला नुसतं कोरडं गवत दिसत होतं, तिथे त्यांनी ते फिरवत फिरवत जमिनीत घातलं आणि निघालेली माती माझ्या तळहातावर ठेवली. वर काळी, खाली राखाडी, मध्येमध्ये गंजासारखे तांबूस ठिपके. माती खूप दिवस पाण्यात राहिली की तिला हवा मिळत नाही, लोहाचा तांबडेपणा निघून जातो. मुळांच्या वाटेनं जिथे थोडी हवा पोचते, तिथेच गंज धरतो. वर पाणी दिसो न दिसो, माती सगळं सांगते. बाईंनी तिथे रंगीत फीत लावलेली काठी रोवली. आपली खोली त्या काठीपासून जेमतेम ४० फुटांवर येत होती! आई, ती गार माती हातात असतानाच माझा विरोध संपला होता.

बाबा, तुम्ही हिशेबाचे पक्के, म्हणून हेही सांगते. याच राज्यातल्या चार्ल्स नदीच्या पुरावर काय करावं, याचा अभ्यास अमेरिकी सैन्याच्या इंजिनिअरांनी केला. धरणं बांधण्यापेक्षा नदीकाठच्या पाणथळी विकत घेऊन तशाच राखणं स्वस्त पडेल, असं त्यांना दिसलं. १९७४ मध्ये मंजुरी मिळाली आणि सुमारे ८,००० एकर पाणथळ राखली गेली. पुराचं पाणी तिथे पसरतं, थांबतं आणि सावकाश नदीत उतरतं. अशी जागा कोणी एकदम बुजवत नाही. ती एकेका खोलीनं, एकेका अंगणानं जाते. म्हणून आपल्यासारख्यांचे छोटे अर्जही तपासायलाच हवेत, असं मला मनापासून वाटतं.

सुनावणीत छपराच्या पाण्यावरच सगळ्यात जास्त वेळ गेला. पागोळ्यांचं पाणी आता खडी भरलेल्या चरात मुरवायचं आहे. काम चालू असताना माती वाहून जाऊ नये म्हणून उताराला पेंढ्याच्या गुंडाळ्या लावायच्या. आणि खोली मागे न काढता घराच्या बाजूला घ्यायची. ती थोडी लहान होईल, पण न्हाणीघर आतच राहील, आई, तुला रात्री लांब चालावं लागणार नाही.

खोलीला उशीर होतोय, याचं मला वाईट वाटतं. सुधारलेला नकाशा पुढच्या सोमवारी द्यायचा आहे. बाबा, तुमच्या गुडघ्यांना किती उंचीची पायरी झेपते, ते घरी मोजून त्याआधी कळवा. पायरी नकोच असेल, तर उतारच काढून घेते.

तुमची,
ताई