गुडघ्यांची सबब चालणार नाही

केंब्रिज,
९ मार्च

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "मी तिथे येऊन करू काय? चढण चढवत नाही, आणि घरातच बसायचं तर आष्ट्यातलं घर काय वाईट आहे?" चिऊच्या दंग्यात मला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. आई, इथे चढणच नाही. केंब्रिजच्या उत्तरेचा मुलूख परातीसारखा सपाट आहे. इलीच्या कॅथेड्रलचे मनोरे कितीतरी मैल आधीपासून दिसायला लागतात, कारण मध्ये आडवं येणारं काही नाहीच.

या मुलखाला फेन म्हणतात. पूर्वी सगळी दलदल होती. सतराव्या शतकात डच इंजिनिअर आणून कालवे खणले, पाणी समुद्राकडे काढलं आणि खालच्या काळ्या मातीत शेती सुरू झाली. जुनी दलदल आता तुकड्यातुकड्यांनी उरली आहे. त्यातला विकन फेन हा तुकडा आमच्यापासून गाडीने अर्ध्या तासावर, आणि तुला सगळ्यात आधी तिथेच नेणार आहे.

तिथे लव्हाळ्यातून जमिनीच्या वर उचललेली फळ्यांची वाट आहे. साधारण सव्वा किलोमीटरची गोल चक्कर, एकही पायरी नाही. लोक बाबागाड्या ढकलत जातात, व्हीलचेअरवरचे आजोबाही दिसतात. तुझ्या संध्याकाळच्या देवळाच्या फेरीएवढंच चालणं. दोन्ही बाजूंनी बोरू डोक्याच्या वर गेलेला, वारा आला की कोरडा सळसळाट. खालचं पाणी बिनदुधाच्या चहाच्या रंगाचं. त्यात एक काळा पक्षी पोहताना दिसला, कपाळावर पांढरा टिळा. चिऊला म्हटलं, हा आपला वारकरी! आपल्या तळ्यावर असतो ना, तोच. तेव्हापासून तो दिसला की ती "माउली, माउली" म्हणून हाका मारते आणि आजूबाजूचे गोरे लोक वळून बघतात.

तुम्ही मेमध्ये आलात तर कुक्कूही ऐकू येईल. आपली कोकिळा कावळ्याला फसवते, ही बया बोरूत राहणाऱ्या चिमणीएवढ्या वटवट्याच्या घरट्यात अंडं घालते आणि नामानिराळी होते. केंब्रिज विद्यापीठातली मंडळी वर्षानुवर्षं विकनला जाऊन याच लबाडीचा अभ्यास करताहेत. डार्विनसुद्धा इथे शिकत असताना, फेनमधून बोरू घेऊन येणाऱ्या होड्यांच्या तळातला कचरा गोळा करायला माणूस लावायचा, कशासाठी तर त्यातले भुंगे शोधायला. तुमचे जावई म्हणाले, "बघ, आणि मी गॅरेजमध्ये जुनी खोकी ठेवली तर तू ओरडतेस."

विकनची ही जागा नॅशनल ट्रस्टची, म्हणजे अशा जागा जपणाऱ्या इथल्या संस्थेची. १८९९ साली त्यांनी इथली पहिली दोन एकर दहा पौंडांना घेतली. मला वाटायचं, राखीव जागा म्हणजे कुंपण घालायचं आणि हात लावायचा नाही. पण इथलं लव्हाळं दर तीन-चार वर्षांनी मुद्दाम कापतात. ते घरं शाकारायला वापरत, आणि या कापणीची नोंद १४१४ पासूनची आहे. कापणी थांबली की झुडपं माजतात आणि बघता बघता दलदलीचं रान होतं.

बाबा, तुमच्यासाठी तिथे एक पवनचक्की आहे. लाकडी, काळी, चारच पाती. १९१२ मध्ये शेजारच्या जमिनीतलं पाणी उपसून बाहेर टाकायला उभारली होती. १९५६ मध्ये ती उचलून इथे आणली आणि तिला उलटं काम दिलं, पाणी आत घ्यायचं. कारण भोवतालची शेतजमीन खाली बसत गेली आणि राखलेली दलदल उंच राहून सुकायला लागली. पाटबंधाऱ्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे नुसतं सांगून पटणार नाही, म्हणून मागच्या रविवारी त्याचा पुरावाच बघून आलो.

पुरावा म्हणजे होम फेनमधला लोखंडी खांब. होम फेन म्हणजे पीटरबरोच्या दक्षिणेला असलेलं बर्चच्या झाडांचं मोठं बन. या दिवसांत पानं नसतात, त्यामुळे सगळीकडे चुना फासल्यासारखी पांढरी खोडं. या बनाशेजारी सखल इंग्लंडमधलं सगळ्यात मोठं तळं होतं, व्हिटलसी मिअर. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ॲपोल्ड नावाच्या माणसाने नवा सेंट्रिफ्युगल पंप मांडला होता, त्याच जातीचा पंप लावून हे तळं कोरडं केलं. पुढे काय होणार याचा अंदाज तिथल्या जमीनदाराला असावा. त्याने खालच्या चिकणमातीपर्यंत एक ओतीव लोखंडाचा खांब पुरला, आणि त्याचं टोक जमिनीच्या बरोबरीला ठेवलं.

आज ते टोक जमिनीपासून चार मीटर वर आहे. खांब जागच्या जागी, भोवतालची जमीन खाली गेलेली. चिऊ तिच्या बाबाच्या खांद्यावर बसली, हात ताणला, तरी टोक कुठल्या कुठे. मी खांबाला हात लावून वर बघत राहिले. माझ्या पणजीच्या पणजीच्या वेळी इथला माणूस माझ्या डोक्यावरून, आजच्या जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर चालत होता.

ही माती म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली अर्धवट कुजून साचलेला पाला, पीट. पाणी काढलं की आधी ती आक्रसते आणि मग हवा लागून कुजतच जाते, कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जाते. आपल्या मळीच्या रानाला पाणी लागलं, पांढरी खार वर आली, तेव्हा तुम्ही सच्छिद्र पाइप पुरून निचरा केलात आणि ऊस परत उभा राहिला. इथे निचरा केला आणि पायाखालची मातीच गेली. आता हे बन आणि दक्षिणेचं वुडवॉल्टन फेन यांच्यामधली शेतं पुन्हा ओली करताहेत. सगळं मिळून ३,७०० हेक्टरचं काम आहे. तुमचं यावर काय म्हणणं पडेल ते मला तिथे उभं राहून ऐकायचंय.

एक सांगते, होम फेनमध्ये ना चहा, ना शौचालय. आम्ही डबा न घेता गेलो, ही चूक माझी. शिवाय वाट सपाट असली तरी माती गादीसारखी दबते. चिऊने जरा बाजूला पाय टाकला तर बूट आत राहिला आणि पाय मोज्यासकट बाहेर आला. तेव्हा आईला तिथे पाऊस नसतानाच नेईन.

बाकी पायवाटांचं म्हणाल तर बाबा, इथे थेट शेतकऱ्याच्या गव्हातून लोक चालत जातात आणि कुणी काठी घेऊन येत नाही. नकाशात हिरव्या तुटक रेघेने वाट दाखवलेली असते, फाटकावर पिवळा बाण. नांगरलं, पेरलं, तरी शेतातून जाणारी पायवाट निदान एक मीटर रुंद मोकळी करून द्यायची, असा कायदाच आहे. हे वाचलं आणि आपल्या पाणंदीसाठी तुम्ही तहसीलला घातलेले हेलपाटे आठवले.

तिकीट मेच्या पहिल्या आठवड्याचं मिळालं तर बघा, म्हणजे ब्लूबेलची फुलं सापडतील. हेझल-ओकच्या जुन्या रानात जमिनीवर निळी चादर पसरते. आई, देवाला म्हणून एकही तोडायचं नाही हं! तशी इथे रीतच नाही, आणि कंद उपटणं तर गुन्हा आहे. वाटेत नेटल नावाचं झुडूप असतं, वागण्याने आपली खाजकुयली, तेव्हा साडीपेक्षा पंजाबी ड्रेस बरा.

येताना आईचे पट्ट्याचे बूट आणा, चपला नकोत. गुडघ्याचा पट्टा हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. मेतकूट संपलंय.

तुमची,
लेक

ता. क. चिऊने विचारलंय, आबा खांबाच्या अर्ध्यापर्यंत येतात की नाही. येताना मोजपट्टी आणा म्हणते, तुमची ती पिवळी, ऑफिसातली.