घाटघरच्या मामांना, चारचौघांत आभार

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

नाव छापायचं नाही ही तुमची अट, ती पाळते. घाटघरात जाऊन कुणी ‘मामा’ अशी हाक मारली तर निम्मा गाव वळून बघेल, त्यामुळे तुमचा पत्ता लागायची भीती नाही. आभार मात्र जाहीरच मानणार. जुन्नरकडच्या नाणेघाटाचे आणि शेजारच्या जीवधन किल्ल्याचे फोटो मोबाइलवर पोत्यानं येऊन पडतात. त्या वाटेवरून कुणी कुणाला सांभाळून नेलं, ते त्यात कुठे दिसत नाही.

आम्ही खाली कोकणातल्या वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून आलो तेव्हा तुम्ही त्या दगडी रांजणापाशी बसला होतात. आम्ही तिघं घामानं निथळत वर पोचलो, आणि तुम्ही आधी पाणी विचारलंत, मग गाव. त्या रांजणात घाटाची जकात टाकत असं सगळेच सांगतात. तुम्हीही सांगितलंत, पण लगेच म्हणालात, “म्या काय बघितलं नाय, पर कोकणातनं ओझं घिऊन वर आलेला मानूस हितं थांबनारच की, दम खायला.” कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवर उतरलेला माल दोन हजार वर्षांपूर्वी याच खिंडीतून जुन्नरकडे आणि पुढे पैठणला जायचा, हे मी वाचून गेले होते. तरी दम खायला थांबणारा माणूस मला तुमच्या वाक्यातच दिसला.

मग घाटातलं लेणं. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर तो ब्राह्मी लेख. सुरुवातीला इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य यांना वंदन, आणि पुढे सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळातल्या यज्ञांची आणि दक्षिणेची लांबलचक यादी: गायी, हत्ती, घोडे, कार्षापण म्हणजे त्या काळची नाणी. आकडे कोरलेल्या भारतातल्या सर्वांत जुन्या लेखांत याची गणना होते. माझ्या भाच्याला त्यात काही राम वाटत नव्हता, तो मोबाइलला रेंज शोधत होता. तुम्ही त्याला मागच्या भिंतीपाशी नेलंत. तिथल्या राजघराण्याच्या मूर्ती कधीच गेल्या, पण कोण कुठे उभं होतं ती नावं वर कोरलेली आहेत. भिंतीला काठी न लावता, वीतभर लांबूनच तुम्ही एकेक जागा दाखवत गेलात. हा सिमुक, ही नायनिका (म्हणजेच नागनिका) आणि सातकणी राजा, हा भायल कुमार, मधले पुसले गेले, हा महारठी. कित्येक वर्षांपूर्वी पुण्याहून आलेल्या अभ्यासकांची ओझी वाहताना ऐकून ऐकून पाठ झालं म्हणालात. ‘महारठी’ ऐकून पोरानं मान वर केली. त्याच्या कॉलेजला जे जमलं नाही ते तुम्ही पाच मिनिटांत केलंत. (त्याच भिंतींवर खिळ्यानं आपली आणि आपल्या लाडकीची नावं कोरणाऱ्यांबद्दल तुम्ही जे बोललात, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण मला ते पटलं.)

रात्री मामींनी नाचणीची भाकरी, पिठलं आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. त्यावर वेगळं पत्र होईल.

खरे आभार दुसऱ्या दिवसाचे. भातकापणीचे दिवस, अर्धं खाचर कापून आडवं पडलेलं, आभाळ भरून आलेलं. अशा वेळी शेतकऱ्यानं शेत सोडून परक्या माणसांना जीवधन किल्ला दाखवायला निघणं म्हणजे काय, हे मला सकाळी मामींच्या चेहऱ्यावर कळलं. त्या काही बोलल्या नाहीत. कोयता मात्र तुमच्या हातात त्यांनीच आणून दिला.

त्या कोयत्याची गरज दहा मिनिटांतच दिसली. पावसाळ्यानंतर कमरेएवढं गवत माजलेलं, त्यात कारवी. भाच्याच्या मोबाइलवर वाटेची रेघ होती, जमिनीवर वाट नव्हती. तुम्ही पुढे, काठीनं गवत झोडपत, मध्येच दोन फटकारे मारून फांदी उडवत. एका फाट्यावर तुम्ही थांबलात, ढोरवाटेच्या तोंडावर काटक्या आडव्या टाकल्यात आणि आपल्या वाटेवर दगडावर दगड ठेवून खूण केलीत. “पुढच्या रविवारी कुनीतरी येईल, चुकंल.” त्या येणाऱ्या माणसाची आणि तुमची ओळखदेख नव्हती. गडवाटा आपोआप मळलेल्या राहतात असं आम्हा शहरातल्यांना वाटतं. दरवर्षी दसऱ्यानंतर कुणीतरी त्या पुन्हा उघडतं, हे मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघितलं.

वर धान्यकोठीत तुम्ही आम्हाला बराच वेळ बसू दिलंत. १८१८ च्या इंग्रजांबरोबरच्या लढाईत इथलं धान्य जळालं आणि त्याची राख अजून आत आहे, असं म्हणतात. मला मात्र तुमची गोष्ट जास्त लक्षात राहिली: लहानपणी गुरं घेऊन वर आलात, पाऊस कोसळायला लागला आणि वासरासकट याच कोठीत रात्र काढलीत. अहमदनगरच्या निजामशाहीचा शेवटचा वारस, पोरवयाचा मूर्तझा, याच गडावर कैदेत होता. शहाजीराजांनी त्याला इथून सोडवून पेमगिरी किल्ल्यावर नेलं आणि गादीवर बसवलं. हे मी सांगितल्यावर तुम्ही विचारलंत, “मंग त्या पोराचं पुढं काय झालं?” १६३६ मध्ये माहुलीच्या तहात तो मोगलांच्या हाती गेला, एवढंच मला सांगता आलं. तुम्ही चुकचुकलात, जणू शेजारच्या वाडीतलं पोर होतं.

आणि मग कल्याण दरवाजाची उतरण. कातळात खोदलेला तो दरवाजा बघून डोळे निवतात आणि खाली बघितलं की पांढरे होतात. इंग्रजांनी सुरुंगानं पायऱ्या उडवल्या, तिथे आता उभा कातळ आणि बोटं अडकतील एवढ्या खोबण्या. समोर वानरलिंगीचा सुळका, खाली कोकण. आमच्या ह्यांना उंचीची भीती आहे, घरच्या गच्चीच्या कठड्याला ते हात लावत नाहीत. तिथे पोचल्यावर ते जे बसले ते बसलेच. भाचा धीर द्यायला लागला, मी जरा ओरडायला लागले. तुम्ही आम्हा दोघांना गप्प केलंत.

तुम्ही चपला काढून कमरेला खोचल्यात, दोर वर बांधलात, तो ह्यांच्या कमरेला दिलात आणि स्वतः दोराशिवाय खाली उतरून त्यांच्या पायांखाली उभे राहिलात. “सायेब, दोर पडू नये म्हून हाय, उतरायचं खोबनीवर. डावा पाय सोडा. माज्या हातावर द्या.” ह्यांचा पाय हवेत थांबला. वडीलधाऱ्या माणसाच्या तळहातावर बूट कसा ठेवायचा? तुम्ही खालून म्हणालात, “डोंगरात पाय लागला तर पाया पडायचं नसतं.” ते हसले, आणि हसता हसता पाय खाली आला. मग तुम्ही तो पाय हातानं धरून खोबणीत बसवलात, टाच दाबून बघितलीत, मग उजवा. असं एकेक पाऊल. किती वेळ गेला मला माहीत नाही. तुमचं भात उघड्यावर होतं आणि तुम्ही एकदाही आभाळाकडे बघितलं नाहीत. मी बघत होते.

खाली रानात शिरल्यावर ह्यांनी तुमचे हात हातात घेतले, तेव्हा तुमच्या तळहातावर बुटाच्या तळव्याची नक्षी उमटलेली दिसली. तुम्ही ती धोतराला पुसलीत आणि हिरड्याची झाडं दाखवायला लागलात: उन्हाळ्यात बाळहिरडा, म्हणजे त्याची कोवळी फळं, गोळा करताना याच रानात सगळं घर कसं असतं, भाव पडला की वर्ष कसं अवघड जातं.

ठरल्यापेक्षा जास्त पैसे तुम्ही घेतले नाहीत. त्याऐवजी लिहायला सांगितलंत ते लिहिते. पावसाळ्यात आणि कातळ ओला असताना कल्याण दरवाजानं उतरू नका. गावातला माणूस बरोबर घ्या आणि त्याची मजुरी गड चढण्याआधी ठरवा, उतरल्यावर घासाघीस नको. ऐंशी-ऐंशी जणांचे ग्रुप आणून त्या एका खोबणीवर रांग लावू नका. यात माझी एक भर: उलटा धबधबा (वाऱ्यानं पाणी वर उडतं तो) बघायला येणाऱ्यांनी चिप्सच्या पिशव्या परत न्याव्यात. वारा त्या खाली जाऊ देत नाही, सगळ्या मामांच्या खाचरात येतात.

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, युनेस्कोनं आपले किल्ले जागतिक वारशात घेतले. तुमच्या तालुक्यातला शिवनेरी त्यात आहे, जीवधन नाही. मला आधी वाईट वाटलं होतं. आता वाटतं, गर्दी जरा उशिरा आलेली बरी. तुम्हाला काय वाटतं ते कळवा, कारण गर्दी आली तर दोन पैसे येतील ते तुमच्याकडे, आणि यात माझ्या मताला किंमत कमीच.

फोटो छापून पाठवले आहेत, लेण्यातला तुमचा काठीवाला मोठा करून घेतलाय. भाचा मित्रांना घेऊन पुन्हा येणार म्हणतोय. त्याच्याकडून मजुरी आधीच घ्या. आणि भात भिजलं की वाचलं, हे फोनवर तुम्ही दोनदा टाळलंत. मामींना विचारून खरं काय ते सांगा.

तुमची,
डोंबिवलीची भाची