पंचविसाव्या वर्षाची सहल आणि स्टेडियमची दोन टोकं

एडिसन, न्यू जर्सी
दि. ६ ऑक्टोबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: २६ ते २८ सप्टेंबरच्या स्टेट कॉलेज सहलीतील गैरसोय आणि ८६२ डॉलर परत मिळण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

जूनमध्ये मी तुमच्याकडे जोडप्यांसाठीची दोन रात्रींची सहल बुक केली. ठिकाण पेनसिल्व्हेनियातलं स्टेट कॉलेज. १,४८० डॉलर एकरकमी भरले. त्यात स्टेडियमपासून चालत जाता येईल असं हॉटेल, शुक्रवारी रात्रीचं दोघांचं खास जेवण, शनिवारच्या अमेरिकन फुटबॉल सामन्याची शेजारशेजारची दोन तिकिटं आणि सामन्याआधीचं टेलगेट (पार्किंगमधलं सामुदायिक खाणंपिणं) एवढं कबूल केलं होतं. यातलं टेलगेट तेवढं मिळालं. बटाटेवडे चांगले होते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ही बाई नुसती कटकट करायला बसली आहे असं वाटायला नको.

मी त्या गावात १९९८ ते २००० अशी दोन वर्षं राहिले आहे. एम.एस. तिथेच केलं. येत्या डिसेंबरात आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतील. लग्नानंतर माझे पती सांगलीहून थेट न्यू जर्सीला आले आणि माझं गाव त्यांनी कधी पाहिलंच नाही. डिसेंबरात तिथे बर्फ असतं आणि मैदान रिकामं, म्हणून सप्टेंबर निवडला. खरं तर सगळं मी स्वतःच ठरवू शकले असते. पण तुमच्याकडे फोन उचलणारा मुलगा मराठीत बोलला, "ताई, तुम्ही फक्त बॅग भरा" म्हणाला, आणि मी भुलले.

आता हॉटेलचं. शुक्रवारी सकाळी आम्ही आय-८० महामार्गाने निघालो, डेलावेअर वॉटर गॅप ओलांडलं, आणि वाटेत तुमचा मेसेज आला. हॉटेलचा पत्ता अल्टूनाचा. अल्टूना हे रेल्वेचं जुनं गाव आहे, १८५४ पासूनचं हॉर्सशू कर्व्ह बघायला लोक लांबून येतात, त्या गावाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण ते स्टेट कॉलेजपासून ४५ मैलांवर आहे. मी लगेच फोन केला तर उत्तर मिळालं, "मॅडम, अमेरिकेत ४५ मैल म्हणजे जवळच." आषाढीला पंढरपूरला नेतो म्हणून पैसे घ्यायचे आणि उतरवायचं सोलापूरला, तसंच हे. अंतरसुद्धा जवळपास तेवढंच.

तुमचा दुसरा बचाव असा की गावातली हॉटेलं भरली होती. भरणारच! घरच्या सामन्याच्या आठवड्यात तिथे लोक कित्येक महिने आधी खोल्या धरतात, बरीच हॉटेलं दोन रात्रींशिवाय खोलीच देत नाहीत, आणि दर चढलेले असतात. त्यात हा सामना साधा नव्हता. तिथल्या पेन स्टेट विद्यापीठाचा संघ देशात तिसऱ्या क्रमांकावर, समोर सहाव्या क्रमांकाचं ओरेगन, वर व्हाइट आउट, म्हणजे सगळ्या प्रेक्षकांनी पांढऱ्या कपड्यांत यायचा सामना. तारीख आणि संध्याकाळी साडेसातची वेळ दोन्ही आधीच जाहीर झालेली होती. तुम्ही बुकिंग घेतलंत तेव्हा ती कोणालाही दिसत होती. खोली मिळत नाही एवढं जूनमध्येच सांगितलं असतं तरी चाललं असतं. जवळच्या बेलफॉंट गावी माझी जुनी मैत्रीण राहते, तिच्याकडे उतरलो असतो आणि तिच्या हातची भाकरी खाल्ली असती.

शुक्रवारचं जेवण. संध्याकाळी सहाला अल्टूनाच्या खोलीत बसून मी तुमचं व्हाउचर उघडलं, तर पत्ता फिलाडेल्फियाचा, वॉलनट स्ट्रीट. खाली टीप: "विद्यापीठाच्या आवारापासून जवळ." तेव्हा उलगडा झाला. तुमच्या ऑफिसात कोणीतरी पेन आणि पेन स्टेट एकच धरलं. फिलाडेल्फियातलं पेन हे बेंजामिन फ्रँकलिन यांनी स्थापलेलं खासगी विद्यापीठ. पेन स्टेट हे १८५५ मध्ये शेतकऱ्यांच्या मुलांसाठी सुरू झालेलं, राज्याच्या मधोमध डोंगरांत वसलेलं. दोन्हींत दोनशे मैलांच्या आसपास अंतर. मी हे समजावून सांगितल्यावर तुमच्या प्रतिनिधीने विचारलं, "पण ताई, स्टेट कॉलेज म्हणजे राज्याचं कॉलेजच ना?" नाही. ते गावाचं नाव आहे. कॉलेजचं १९५३ मध्ये विद्यापीठ झालं, गावाने जुनं नाव सोडलं नाही. जे गाव तुम्ही विकता, ते गाव आहे एवढं तरी माहीत असावं. त्या रात्री आम्ही पेट्रोल पंपावरचं सँडविच खाल्लं.

शनिवारचं जरा सविस्तर सांगते, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे.

तुमच्या टेलगेटला "ओळख पटावी म्हणून" कंपनीचे टी-शर्ट घालणं बंधनकारक होतं. टी-शर्ट गडद हिरवे, त्यावर पिवळी अक्षरं. ओरेगनचे रंग हिरवा आणि पिवळा आहेत. व्हाइट आउटच्या दिवशी स्टेडियममधला झाडून प्रत्येक माणूस पांढऱ्यात येतो. माझ्या वेळी ही प्रथा नव्हती. २००४ मध्ये विद्यार्थ्यांच्या भागापुरती सुरू झाली आणि २००७ पासून सगळं स्टेडियम पांढरं होऊ लागलं. पण आता ती तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. कपड्यांचे रंग पाळणं आपल्याला काही नवं नाही, नवरात्र चालूच होतं. तुम्ही शंभर डॉलरचा डिझायनर शर्ट दिला असता तरी चुकीचाच ठरला असता, कारण रंग पाहुण्या संघाचा होता.

मी हिरव्या शर्टावर पांढरं जॅकेट चढवलं. यांचा पांढरा शर्ट मी इस्त्री करून आणला होता, पण तो सकाळी निघताना खोलीतल्या खुर्चीच्या पाठीवर राहिला. हॉटेल गावात असतं तर दहा मिनिटांत घेऊन आले असते. अल्टूनाला जाऊन यायचं म्हणजे दीड तास, तोही त्या दिवशीच्या गर्दीत. कॉलेज अॅव्हेन्यूवरच्या तीन दुकानांत विचारलं, यांच्या मापाचा पांढरा शर्ट एकही उरला नव्हता. मी म्हटलं, असू दे, माझ्या शेजारीच बसणार आहात, कोणी काही बोललं तर मी बघून घेईन.

तिकिटं मोबाइलवर आली दुपारी ४ वाजून ४० मिनिटांनी. एक उत्तर टोकाचं, एक दक्षिण टोकाचं. मध्ये शंभर यार्डांचं मैदान. दक्षिण टोकाला विद्यार्थी बसतात, वीस हजारांहून जास्त, आणि तिकीट नेमकं त्यांच्या कडेला. तुमच्या तातडीच्या नंबरवर फोन केला तर उत्तर असं: "मॅडम, एकाच स्टेडियममध्ये आहात ना?"

हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही.

पंचवीस वर्षं मी या माणसाला सांगत आले आहे की तो आवाज ऐकल्याशिवाय कळणार नाही. घरी टीव्हीवर सामना लागला की हे म्हणायचे, "दर दहा सेकंदांनी थांबतात, याला काय खेळ म्हणायचं?" मी ठरवलं होतं, शेजारी बसून त्यांना फर्स्ट डाउन समजावून सांगेन, विद्यार्थी ओरडले की पायाखालची फळी कशी थरथरते ते त्यांचा हात धरून दाखवेन. वय पन्नास, पण ठरवलं होतं. प्रत्यक्षात मी एका बाजूला, हे दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये एक लाख अकरा हजार माणसं. जागा बदलून घ्यायला शेजारच्यांना विचारलं, तर त्यांची चार माणसांची कुटुंबं, त्यांनी तरी का उठावं? एवढ्या फोनांत नेटवर्क कुठलं असायला. यांचा एक मेसेज तासाभराने पोहोचला: "पोरं मला बदक म्हणताहेत. काळजी करू नकोस." ओरेगनच्या संघाला डक्स म्हणतात.

चौथ्या क्वार्टरमध्ये आमचा संघ ३–१७ असा मागे होता. माझ्यापुढचे दोघे उठून चालायला लागले होते. मग अर्धा मिनिट उरला असताना १७–१७. तो आवाज मी इतक्या वर्षांनी ऐकला आणि सवयीने उजवीकडे वळले, तर तिथे ओहायोहून आलेले एक आजोबा रडत होते. मी त्यांनाच मिठी मारली. मग ओव्हरटाइम, मग दुसरा ओव्हरटाइम, आणि शेवटी एक पास ओरेगनच्या माणसाने झेलला आणि ३०–२४ ने सगळं संपलं. सगळीकडे शुकशुकाट. निटनी माउंटनवरून वारा उतरल्यागत एकदम गार वाटलं.

यांची माझी भेट झाली पार्किंगमध्ये, रात्री बाराच्या सुमारास. हिरव्या शर्टावर पांढरी चादर, उपरण्यासारखी उजव्या खांद्यावरून घेतलेली, टोक कमरेला खोचलेलं. कोणा विद्यार्थ्याने दिली होती म्हणे, "सर, प्लीज हे पांघरा" म्हणून. आणि हा माणूस मला काय विचारतो? "सुपर ओव्हरसारखंच असतं का गं ते?" त्यांना सगळं कळलं होतं. ते कळताना मी शेजारी नव्हते. खोलीवर पोहोचलो तेव्हा पावणेतीन वाजले होते.

रविवारी पुन्हा ४५ मैल उलटे जाऊन विद्यापीठाच्या क्रीमरीत आइस्क्रीम खाल्लं. यांनी एका कोनात दोन स्वाद मागितले, काउंटरवरच्या मुलीने हसून नकार दिला. तिथे स्वाद मिसळत नाहीत, तो नियमच आहे. १९९६ मध्ये बिल क्लिंटन यांच्यासाठी तेवढा मोडला होता. या भागाबद्दल माझी काही तक्रार नाही. तो तुम्ही आखलेला नव्हता.

आता हिशेब. तुमच्याच तपशिलाप्रमाणे हॉटेलचे ६८० डॉलर लावले आहेत, म्हणजे रात्रीचे ३४०. अल्टूनाच्या हॉटेलच्या बिलावर दर ११९ आहे. दोन रात्रींचा फरक ४४२. न झालेल्या जेवणाचे १६०. तिकिटांचे ५२० लावलेत. सामना आम्ही दोघांनी पाहिला, म्हणून पूर्ण रक्कम मागत नाही. पण शेजारशेजारची जागा हे कबूल केलेलं होतं आणि ते पाळलं नाही, त्यामुळे निम्मे, २६०. टेलगेटच्या १२० ला मी हात लावलेला नाही. एकूण ८६२ डॉलर.

तुम्ही ३० सप्टेंबरला पाठवलेलं "पुढच्या सहलीवर १५ टक्के सूट" हे कूपन मला नको आहे. पैसे ज्या कार्डावरून घेतले त्याच कार्डावर, हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत परत करावेत. तसं न झाल्यास मी कार्ड कंपनीकडे वाद नोंदवेन आणि न्यू जर्सीच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे अर्ज करेन. बुकिंगची पावती, व्हाउचर, दोन्ही तिकिटांची आणि हॉटेलच्या बिलाची प्रत सोबत जोडली आहे. तुमच्या माहितीपत्रकातला "लिबर्टी बेलपासून पंधरा मिनिटं" हा मजकूरही कृपया काढून टाका, ती घंटा फिलाडेल्फियात आहे. पुढचं जोडपं त्या गावात राहिलेलं असेलच असं नाही, ते बिचारं खरंच घंटा शोधत फिरेल.

मागच्या शनिवारी संघ यूसीएलएकडूनही हरला. त्याचा दोष मात्र मी तुम्हाला देत नाही.

आपली,
(सही)

ता. क. दोन्ही हिरवे टी-शर्ट धुऊन सोबत परत पाठवत आहे. चादर ठेवून घेतली आहे, कारण ती तुमची नाही.