बडोद्याच्या वेशीवर राहतो ना, मग नावही तिथेच लिहू या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आम्ही तीन पिढ्या बडोद्याचे. जुनं घर दांडिया बाजारात, २०११ ची जनगणना झाली तेव्हा बाई आल्या आणि तिथेच आमची सहा माणसं लिहून घेऊन गेल्या. मग २०१३ मध्ये जागा पुरेना म्हणून पादरा रोडच्या बाजूला एका गावाच्या हद्दीत घर घेतलं, तेव्हा समोर तुरीचं शेत होतं, आता तिथे चार सोसायट्या आहेत आणि मागे टॉवर उभे राहिलेत. आणि हे सगळं अजून ग्रामपंचायतीतच आहे. म्हणजे १२ वर्षांच्या वर झाली आम्हाला इथे, पण सरकारी आकड्यात आमची सहा डोकी अजून दांडिया बाजारातच आहेत.

आता कोणी म्हणेल याने काय फरक पडतो. पडतो हो, खूप पडतो. केंद्राच्या पैशाची वाटणी ठरवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामीण संस्थांचा पैसा राज्याराज्यांत वाटताना ९० टक्के वजन लोकसंख्येला दिलं आणि १० टक्के क्षेत्रफळाला, आणि लोकसंख्या धरली ती २०११ ची. २०२१ ते २०२६ या काळात त्या पैशातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा होता. म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी आम्ही रडतोय त्याच. आमच्या गावची पाण्याची टाकी जुन्या वस्तीच्या हिशोबाने बांधलेली, उन्हाळ्यात सोसायटीचा बोअर आटला की टँकर मागवायचा, त्याचे पैसे आपले आपण द्यायचे, वर घरवेरा म्हणजे घरपट्टीही भरायची. मागच्या मे महिन्यात माझी ८१ वर्षांची आई सकाळी सहाला बादली घेऊन खाली उभी होती, मला ते बघवलं नाही. पंचायतीत गेलो तर सांगितलं, गाव केवढं आणि तुम्ही किती आलात ते तरी बघा. खरंच आहे त्यांचं पण, सफाईला माणसं मोजकी आणि कचरा सगळ्या टॉवरांचा.

यात अजून एक गुंता आहे तो बऱ्याच लोकांना माहीतच नसतो. वेशीवरच्या गावांत बांधकामाची परवानगी वुडा (वडोदरा शहरी विकास प्राधिकरण) देतं, १९७८ पासून हीच पद्धत आहे, नकाशा पास तिकडे होतो, बिल्डर फ्लॅट विकून मोकळा होतो, आणि नंतर दिवा, गटर, कचरा सगळं येतं सरपंच आणि तलाट्याच्या गळ्यात. त्यांच्यावर तालुका पंचायत, तिच्यावर जिल्हा पंचायत, तिथे डीडीओ (जिल्हा विकास अधिकारी) साहेब. त्या जिल्हा पंचायतीचाच हिशोब बघा. २०११ च्या पुस्तकात वडोदरा जिल्हा ४१,६५,६२६ माणसांचा. पण १५ ऑगस्ट २०१३ ला छोटा उदेपूर वेगळा झाला, साधारण पावणेअकरा लाख माणसं तिकडे गेली. शहरातली १६ लाख ७० हजार वजा करा, म्हणजे राहिले साधारण १४ लाख, त्यातही पादरा, डभोई, करजण, सावलीसारखी नगरपालिकावाली गावं आलीच. पुन्हा २०२० मध्ये भायली, सेवासी, बिल, वेमाली, करोडिया, उंडेरा, वडदला ही सात गावं महापालिकेत गेली. एवढी उलथापालथ झाली आणि त्या २०११ नंतर नवीन मोजणी एकदाही नाही, २०२१ ची झालीच नाही.

ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या काळात दर दहा वर्षांनी मोजणी होऊन जाडजूड अहवाल छापले जायचे (१९३१ ला अख्खं संस्थान २४,४३,००७ माणसांचं, एकेक आकडा लिहिलेला आहे) तिथे आज वेशीवर किती माणसं राहतात ते धड कोणाला सांगता येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण दोष सगळा सरकारचा नाही, आणि पत्र लिहायला बसलो ते खरं तर यासाठीच. आमच्या सोसायटीत निम्म्याहून जास्त लोकांचं मतदार यादीतलं नाव अजून शहरात आहे, माझंही गेल्या वर्षापर्यंत होतं. राज्यघटनेप्रमाणे ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीत नाव असलेली माणसं, मग आमचं नावच नाही तर ग्रामसभेत आम्ही कोण? २२ जून २०२५ ला गुजरातभर ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या, कितीतरी गावांत त्याआधी मोठा काळ वहिवटदारच (सरकारने नेमलेले प्रशासक) कारभार बघत होते, इतक्या वर्षांनी मतदान आलं आणि आमच्या बिल्डिंगमधून खाली उतरले किती, तर हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे. सगळ्यांचं एकच म्हणणं, आज ना उद्या कॉर्पोरेशनमध्ये जाणारच आहोत, मग पंचायतीत कशाला वेळ घालवायचा. अहो पण तोपर्यंत पाणी कोण देणार? आणि जुन्या गावातल्या लोकांना आपण साधा नमस्कारही करत नाही, त्यांना वाटतं हे शहरवाले आले, आमचं पाणी घेतलं आणि गेट लावून बसले. भायली, बिलच्या लोकांनी विलीनीकरणाला विरोध केला होता तेव्हा मला राग यायचा, आता इथे राहून कळतंय त्यांना काय जाईल अशी भीती वाटत होती.

आता नवीन जनगणना येतेय, तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, आणि यावेळी मोबाइलवर स्वतःची माहिती स्वतः भरायचीही सोय आहे. माझी बडोद्यातल्या, खास करून वाडी, रावपुरा, दांडिया बाजार सोडून बाहेर राहायला गेलेल्या आपल्या मराठी कुटुंबांना हात जोडून विनंती आहे की जुन्या घराचा पत्ता देऊ नका. जिथे झोपता, जिथलं पाणी पिता तिथेच मोजून घ्या, भाड्याने राहणाऱ्यांनाही सांगा, कामवाल्या मावशी आणि साइटवर पत्र्याच्या खोल्यांत राहणारे मजूर यांना तर आठवणीने सांगा, कारण ते सगळ्यात आधी सुटतात.

मी गेल्या वर्षी फॉर्म ८ भरून मतदार यादीतलं नाव इकडे आणलं, पंधरा मिनिटांचं काम. पुढच्या ग्रामसभेला आईलाही घेऊन जाणार आहे, टाकीचं काय ते ती स्वतःच विचारणार म्हणतेय.

आपला,
एक वाचक, बडोदा