वाड्याचे कौतुक झाले, भिंतीचे काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला वेल्समधील जुन्या इस्टेटींवरचा लेख वाचला. वेनॉलचा वाडा, बागा आणि मेजवान्या यांचे वर्णन रसाळ आहे. पण इस्टेटीभोवतीची दगडी भिंत लेखकाने ‘चोरांपासून बचावासाठी घातलेले कुंपण’ म्हणून एका वाक्यात निकालात काढली, हे पटले नाही. सात मैल, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर लांबीची भिंत नुसत्या चोरांसाठी कोणी बांधत नाही.

मी बँगोरजवळ राहतो. कार्नार्वनच्या रस्त्याला लागले की ही भिंत संपता संपत नाही. आत सुमारे १,००० एकर जमीन आणि मेनाय सामुद्रधुनीचा किनारा. मालक ॲशेटन स्मिथ घराणे, आणि पैसा दिनॉर्विकच्या खाणीतल्या पाटीच्या दगडाचा. छपरांसाठी हा दगड जगभर जाई, आणि भरभराटीच्या काळात तिथे ३,००० हून अधिक माणसे राबत होती. याच घराण्याच्या काळात, १८०६ च्या कायद्याने, त्या भागातल्या ल्लानदेइनिओलेन गावचे गायरान खासगी झाले. लोकांनी विरोध केला, दंगेही झाले. ज्यांची गुरे कालपर्यंत मोकळ्या माळावर चरत होती त्यांच्या नातवंडांनी ही भिंत बाहेरून पाहिली. भिंतीचा अर्थ लावायचा तर तो इथून लावावा लागेल.

खाणकामगारांच्या परसाची कुंपणे आजही त्या डोंगरउतारांवर दिसतात. पाटीच्या दगडाच्या उभ्या फळ्या एकीला एक लावून वरून तारेने बांधलेल्या. तिकडे त्यांना ‘क्रावियाय’ म्हणतात. मालकाची भिंत माणसाच्या डोक्यावरून जाणारी, कामगाराचे कुंपण जेमतेम कमरेइतके. लेखात दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी छापले असते तर निम्मा मजकूर लिहावाच लागला नसता!

आता देखभालीबद्दल. जतनाच्या यादीतल्या इमारतीच्या आवारात १ जुलै १९४८ पूर्वीपासून असलेली बांधकामेही त्या इमारतीबरोबर कायद्याने संरक्षित असतात. ती परवानगीवाचून पाडता येत नाहीत. पण पाडायला बंदी म्हणजे दुरुस्तीची हमी नव्हे. खाण १९६९ मध्ये बंद झाली, पुढे इस्टेट विकली गेली. एक तुकडा नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे, एका भागावर पार्क मेनाय ही कार्यालयांची वसाहत उभी आहे, बाकीची जमीन खासगी. एवढ्या मालकांमध्ये भिंत कोणाची, हा प्रश्न दगड रस्त्यावर पडल्यावरच निघतो.

त्याहून वाईट म्हणजे सिमेंटची डागडुजी. कोकणातला गडगा कोरडा रचलेला असतो. ढासळला तर तेच दगड पुन्हा रचता येतात. चुन्यात बांधलेल्या भिंतीचे तसे नाही. तिच्या दरजांतून ओल बाहेर पडते. दरजा सिमेंटने भरल्या की ओल दगडात अडकते, हिवाळ्यात गोठून फुगते आणि दगडाचा दर्शनी पापुद्रा सुटतो. काही वर्षांनी सिमेंट शाबूत आणि दगड झिजलेला, असा उलटा प्रकार दिसतो. चुन्याचे काम संथ असते, कडाक्याच्या थंडीत करता येत नाही आणि ते जाणणारा गवंडी महाग पडतो, हे खरे. पण स्वस्तातली दुरुस्ती पुढच्या पिढीला दुप्पट खर्चात पाडते, हे कोणत्याही जुन्या गवंड्याला विचारावे.

२०२१ मध्ये युनेस्कोने वायव्य वेल्सच्या या खाणप्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात दिनॉर्विकची खाणही आहे. तेव्हा खाण आणि वाडा यांच्यामधली भिंत बिनमहत्त्वाची कशी ठरते, हे लेखकानेच सांगावे. मालिकेचा पुढचा भाग येणार असेल तर त्यात भिंतीचा एखादा फोटो जरूर छापा; दिवाणखान्याचे बरेच झाले.

आपला,
एक नियमित वाचक, बँगोर (वेल्स)