मिल्ड्रेडविषयी लेकीस पत्र

प्रिय लेकीस अनेक आशीर्वाद.

रे ब्रॅडबरी यांची ‘फॅरनहाइट ४५१’ वाचून तू लिहिलेस, की माँटागची बायको मिल्ड्रेड ही अगदी पोकळ आणि मठ्ठ बाई आहे. तुझ्या वयात मलाही ती तशीच वाटली होती. यंदा पुन्हा वाचताना मात्र मी तिच्यापाशीच अडखळले.

१९५३ साली आलेल्या या कादंबरीत घरोघरची पुस्तके जाळणे हेच माँटागसारख्या अग्निशामकांचे काम आहे, आणि अशा राजवटीला मिल्ड्रेडइतकी सोयीची प्रजा शोधून सापडणार नाही. कानांत सदैव गुणगुणणारे शिंपल्याएवढे रेडिओ, तीन भिंतीभर दूरचित्रवाणी आणि वर चौथ्या भिंतीचा हट्ट. तिची किंमत २,००० डॉलर, म्हणजे नवऱ्याच्या वर्षाच्या पगाराचा तिसरा हिस्सा. भिंतीवरच्या नाटकात तिच्यासाठी एक भूमिका मोकळी ठेवलेली असते, सगळी पात्रे तिच्याकडे वळून तिचे मत विचारतात आणि तिने हातातल्या संहितेतला होकार तेवढा वाचायचा असतो. खरे सांगते, पुस्तके जळताना वाटली नाही एवढी धास्ती मला इथे वाटली, कारण आपल्याला कोणीतरी विचारले याचाच तिला केवढा आनंद होतो!

तू घाईने ओलांडलेला प्रसंग याच्याही आधीचा आहे. झोपेच्या ३० गोळ्यांची बाटली रिती करून ती निपचित पडते. डॉक्टर येतच नाहीत. यंत्रे घेऊन दोन कामगार येतात, पोट उपसतात, रक्त बदलतात आणि अशी नऊ-दहा प्रकरणे रोज रात्री असतात असे सांगून पुढच्या घरी निघतात. सकाळी तिला सपाटून भूक लागलेली असते आणि आपण असे कशाला करू, असे ती नवऱ्यालाच विचारते. जिला आतून काहीच खुपत नाही तिची बाटली रिकामी कशी झाली, याचे उत्तर तुझ्या ‘पोकळ’ या शब्दात मला सापडत नाही.

तिची वकिली मी करणार नाही. नवऱ्याने दडवलेल्या पुस्तकांची वर्दी तीच देते, आणि बॅग घेऊन घर सोडतानाही हळहळते ती भिंतीवरच्या ‘कुटुंबा’साठी.

आपण प्रथम कुठे भेटलो हे त्या दोघांना आठवत नव्हते, आणि त्यावर ती हसली होती. शहर बेचिराख होताना माँटागला ते आठवते: शिकागो. त्या क्षणी तिलाही आठवले असेल का, तुला काय वाटते ते सवडीने कळव.

तुझी,
आई