लाल डबीतल्या डिस्कचं काय करू?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

परवा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर एचडी डीव्हीडी प्लेअर गावला, म्हणजे साध्या डीव्हीडीपेक्षा स्पष्ट पिक्चर दाखवणारा, ब्ल्यू-रे नावाच्या तसल्याच दुसऱ्या डिस्कशी टक्कर असलेला. २००७ ला भाच्यानं अमेरिकेतनं आणलेला, ११० व्होल्टचा, म्हणून वेगळा ट्रान्सफॉर्मर घेतलेला, तो पिक्चरपेक्षा जास्त घूं घूं करायचा. सोबत लाल डबीतल्या चार डिस्का. भाचा म्हणालेला मामा हेच चालणार, आणि १९ फेब्रुवारी २००८ ला एचडी डीव्हीडीवाल्या तोशिबानंच हात वर केले, कारण जानेवारीत वॉर्नर ही पिक्चर कंपनी ब्ल्यू-रेकडं गेली आणि तिकडं सोनीनं प्लेस्टेशन ३ ह्या गेमच्या यंत्रातूनच घरोघरी ब्ल्यू-रे घुसवलेला. गंमत बघा, लेसर दोघांचा एकच, ४०५ नॅनोमीटरचा निळा, पण डेटाचा थर एचडी डीव्हीडीत ०.६ मिलिमीटर खोल आणि ब्ल्यू-रेत ०.१, त्यामुळं ह्याची डिस्क त्याला चालत नाय. ब्ल्यू-रेच्या एका थरात २५ जीबी, ह्यात १५, ते ठीकाय, पण आधीच बसून एकच ठरवायला काय झालतं ह्यांना? व्हीएचएस-बीटामॅक्स ह्या व्हिडिओ कॅसेटींच्या वेळी पण हेच की. भुर्दंड गिऱ्हाईकाला. भंगारवाला म्हणतोय ट्रान्सफॉर्मरचं तांबं तेवढं घेतो, डिस्का राहू देत तुमच्याकडंच.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर